महाराष्ट्राएवढा मतदारसंघ आणि ३३ हजार माणसं

मागच्या उन्हाळ्यात इथे कॅनडात, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनच्या एका पार्कात ओळखीच्या मराठी लोकांची पिकनिक होती. कणसं भाजून झाली होती, पोरं पाण्यात होती आणि मोठ्यांच्या गप्पा फिरत फिरत फेब्रुवारीत झालेल्या प्रांताच्या निवडणुकीवर आल्या. तेव्हा एक दादा म्हणाले, "अगं, आपल्या ब्रॅम्प्टनमध्ये सव्वा-दीड लाख लोकांमागे एक आमदार आणि तिकडे वर उत्तरेत ३३ हजार लोकांमागे एक, म्हणजे त्यांचं एक मत आपल्या चार मतांएवढं झालं की नाही? हा कुठला न्याय?" सगळ्यांनी माना हलवल्या. मी काही बोलणार तेवढ्यात पावसाची सर आली आणि सगळे डबे उचलून गाड्यांकडे पळाले. ते उत्तर तेव्हापासून माझ्याकडेच राहिलंय, कारण त्या ३३ हजारांत आम्ही नवरा-बायको अडीच वर्षं होतो. म्हणून आज सगळं सविस्तर लिहायला बसले.

त्या मतदारसंघाचं नाव कीवेटिनूंग. तिथल्या मूळनिवासी लोकांच्या ओजिब्वे भाषेत त्याचा अर्थ उत्तरेला, उत्तरेकडे असा काहीसा होतो. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांताच्या विधानसभेत १२४ जागा आहेत, त्यातली ही एक. इथे मतदारसंघाला बोलताना सगळे 'रायडिंग' म्हणतात. आधी मला वाटलं याचा घोड्याशी काही संबंध असेल, पण तो शब्द इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा निघाला, तिथे परगण्याचे तीन भाग होते आणि तिसऱ्या हिश्श्यासाठी जो जुना शब्द होता तो घासत घासत 'रायडिंग' झाला. दिल्लीसारखं इथे ओटावा, तिथे जातो तो एमपी आणि टोरांटोच्या विधानसभेत जातो तो एमपीपी, म्हणजे आपला आमदार. या लेखात मी आमदारच लिहिणार आहे, तेच तोंडात बसलंय.

आता आकार बघा. कीवेटिनूंगचं क्षेत्रफळ साधारण २ लाख ९४ हजार चौरस किलोमीटर आहे. अख्ख्या महाराष्ट्राचं ३ लाख ७ हजारांच्या थोडं वर. म्हणजे सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत एकच आमदार, आणि त्याच्या हाताखाली रस्ते फार थोडे, रेल्वेची एक लाईन खालच्या कडेने जाते, बाकी सगळं जंगल, तळी, दलदल आणि शेवटी हडसन बे चा समुद्र. लोकसंख्या २०१६ च्या जनगणनेत जेमतेम ३३ हजार. त्यातले ६८ टक्के मूळनिवासी, म्हणजे इथल्या भाषेत फर्स्ट नेशन्सचे लोक. ऑन्टारियोतला हा एकच मतदारसंघ असा आहे जिथे ते बहुसंख्य आहेत.

नवऱ्याला २०१६ च्या नोव्हेंबरात सू लुकआउटला नोकरी लागली. कॅनडात आल्यावरची आमची ती पहिली धड नोकरी, त्यामुळे कुठे आहे काय आहे जास्त न विचारता हो म्हणून टाकलं. टोरांटोहून रस्त्याने सतराशे-अठराशे किलोमीटर, घड्याळसुद्धा एक तास मागे. साडेपाच-सहा हजार वस्तीचं गाव, पण त्याला 'हब ऑफ द नॉर्थ' म्हणतात आणि ते खरंच तसं आहे, कारण वरच्या गावांतून माणसं दवाखान्याला, बाळंतपणाला, दाताला, चष्म्याला, शाळेला इथेच उतरतात. विमानाने उतरतात बरं का. वरच्या बहुतेक गावांना बारमाही रस्ताच नाही. हिवाळ्यात तळी गोठली की बर्फावरून रस्ता करतात, त्याला विंटर रोड म्हणतात, तो काही आठवडे चालतो, तेवढ्यात डिझेल, सिमेंट, घराचं सामान, सगळं वर न्यायचं. थंडी कमी पडली की रस्ता उशिरा उघडतो नि लवकर बंद होतो, मग वर्षभराचं गणित कोलमडतं. डांबरी रस्ता जातो तो पिकल लेकपर्यंत, तिथे हायवे ५९९ संपतो. त्याच्या पुढे अजून केवढा तरी मतदारसंघ शिल्लक असतो.

आम्ही गेलो तेव्हा सू लुकआउट केनोरा–रेनी रिव्हर नावाच्या मतदारसंघात होतं. दीड-दोन वर्षांनी घर न बदलता, पत्ता न बदलता आम्ही कीवेटिनूंगमध्ये गेलो. खरेदीला आम्ही ड्रायडनला जायचो, गाडीने तासाभराचं अंतर, ते तिकडेच राहिलं आणि आम्ही इकडे आलो. मी तेव्हा नागरिक नव्हते, मत नव्हतं, पण आपल्या अंगावरून एक रेष सरकतेय याचं मला इतकं कुतूहल वाटलं की मी वाचायला लागले आणि मग ते सुटलंच नाही.

कारण या भागात रेषा सरकायची गोष्ट फार जुनी आहे. आजचं केनोरा शहर, त्याचं जुनं नाव रॅट पोर्टेज. १८८० च्या दशकात ते कुठल्या प्रांतात येतं यावरून ऑन्टारियो आणि मॅनिटोबा भांडत होते, दोघांचे पोलीस, दोघांचे मॅजिस्ट्रेट, दोघांचे तुरुंग एकाच गावात, एकाने पकडायचं नि दुसऱ्याने त्यालाच पकडायचं. १८८३ मध्ये तर त्या एका गावातून दोन्ही प्रांतांच्या विधानसभांसाठी निवडणूक झाली. गाव एक आणि आमदार दोन प्रांतांचे. शेवटी प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेलं आणि १८८४ मध्ये निकाल ऑन्टारियोच्या बाजूने लागला, मग १८८९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायद्याने त्यावर शिक्का मारला. (केनोरा हे नावही जोडून केलेलं आहे, कीवेटिन, नॉर्मन आणि रॅट पोर्टेज या तीन शेजारच्या गावांची पहिली अक्षरं. १९०५ पासून ते नाव आहे.)

त्या निकालात ऑन्टारियोची उत्तर सीमा ठरली ती नद्या-तळ्यांवरून. इंग्लिश रिव्हर, लॅक सूल, लेक सेंट जोसेफ आणि तिथून ऑल्बनी नदी धरून जेम्स बेपर्यंत. नकाशावर मी एकदा बोट फिरवत ती रेष काढली तेव्हा कळलं की सू लुकआउट त्या जुन्या सीमेच्या अगदी आतल्या बाजूला येतं आणि वरचा जवळजवळ सगळा भाग तेव्हा ऑन्टारियोत नव्हताच. तो आला १९१२ मध्ये. त्या वर्षी केंद्राने मॅनिटोबा, क्वेबेक आणि ऑन्टारियो तिघांनाही उत्तरेचे मोठे तुकडे दिले आणि ऑन्टारियोला मिळाला जवळपास १ लाख ४६ हजार चौरस मैलांचा मुलूख. त्याला नाव दिलं पॅट्रिशिया, गव्हर्नर जनरलच्या मुलीचं, प्रिन्सेस पॅट्रिशियाचं. तिथे हजारो वर्षं राहणाऱ्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्याशी करार व्हायला तर अजून वेळ लागला. ट्रीटी ९ म्हणतात तो करार १९०५-०६ मध्ये झाला होता, पण ऑल्बनीच्या दक्षिणेपुरता. नदीच्या उत्तरेच्या लोकांच्या सह्या घेतल्या १९२९-३० मध्ये, सरकारी माणसं तेव्हा विमानाने गेली. म्हणजे जमीन आधी प्रांतात आली आणि जमिनीवरच्या माणसांशी बोलणं सतरा-अठरा वर्षांनी झालं.

आणि मत? ते आणखी उशिरा. ऑन्टारियोत फर्स्ट नेशन्सच्या लोकांना प्रांताच्या निवडणुकीत मताचा हक्क १९५४ साली मिळाला. त्याआधी मत हवं असेल तर कायद्यातलं आपलं 'इंडियन' असणं आणि त्याबरोबरचे कराराचे हक्क सोडावे लागायचे. देशाच्या निवडणुकीत तर १९६० मध्ये. हे मी आधी वाचलं नव्हतं, मला आमच्या शेजारच्या आजीने सांगितलं. तिकडे आजीला कूकम म्हणतात. पहिल्यांदा तिची नात "कूकम, कूकम" म्हणून हाका मारत होती तेव्हा मला आईच्या बरणीतलं कोकम आठवून डोळ्यात पाणी आलं होतं, तो पहिला हिवाळा होता आणि मी फार एकटी पडले होते. मग ती आजी माझीही कूकम झाली. ती वरच्या एका गावची, नवऱ्याच्या डायलिसिससाठी सू लुकआउटला येऊन राहिलेली. तिचं म्हणणं होतं, "माझा बाप शिकारीचा रस्ता शंभर मैल डोक्यात ठेवायचा, पण त्याचं नाव मतदार यादीत नव्हतं. मी सात वर्षांची झाले तेव्हा त्याला मत मिळालं. पण मतपेटी आमच्या गावात आलीच नाही बरीच वर्षं, मग ते मिळालं म्हणायचं का?" मी काय उत्तर देणार. चहा दिला.

तर १९०८ पासून केनोरा हा प्रांताचा मतदारसंघ होता आणि वरचा भाग त्याच्या शेपटाला. सत्ता कायम खालच्या गावांत, रेल्वे आणि हायवेच्या कडेला, जिथे मतं होती तिथे. त्यातल्या त्यात लिओ बर्निअर नावाचा माणूस १९६६ पासून १९८७ पर्यंत केनोराचा आमदार होता, तो आमच्या सू लुकआउटशेजारच्या हडसनचाच. १९७७ मध्ये उत्तरेच्या कारभारासाठी वेगळं खातं झालं त्याचा तो पहिला मंत्री आणि लोक त्याला 'एम्परर ऑफ द नॉर्थ' म्हणायचे. आजही जुनी माणसं त्याचं नाव काढतात.

मग १९९६. माइक हॅरिस यांचं सरकार होतं आणि त्यांनी कायदाच आणला, ज्याचं नाव 'फ्युअर पॉलिटिशियन्स ॲक्ट', कमी पुढाऱ्यांचा कायदा. विधानसभेच्या जागा १३० वरून १०३ केल्या, खासदारांचे मतदारसंघ तेच आमदारांचे मतदारसंघ. ऐकायला बरं वाटतं, पुढारी कमी, खर्च कमी. पण उत्तरेत त्याचा अर्थ काय झाला तर केनोरा आणि रेनी रिव्हर हे दोन आधीच अफाट असलेले मतदारसंघ एकत्र शिवून टाकले. १९९९ च्या निवडणुकीत दोन चालू आमदार, केनोराचे फ्रँक मिक्लॅश आणि रेनी रिव्हरचे हॉवर्ड हॅम्प्टन, एकाच जागेसाठी समोरासमोर आले. हॅम्प्टन निवडून आले. ते एनडीपी पक्षाचे प्रांताचे नेतेही होते, म्हणजे महाराष्ट्राहून मोठा मतदारसंघ सांभाळायचा आणि टोरांटोत पक्षही.

पुढे २००५ मध्ये जागा १०७ झाल्या तेव्हा एक चांगली गोष्ट झाली. लोकसंख्येच्या हिशोबाने केंद्राच्या नकाशात उत्तरेची एक जागा कमी होणार होती, पण प्रांताने ठरवलं की दक्षिणेत केंद्राचा नकाशा घेऊ, उत्तरेत मात्र आपल्या ११ जागा आहेत तशा ठेवू. २०१५ मध्ये १२२ झाल्या तेव्हाही ११ कायम. आणि २०१६ मध्ये सरकारने 'फार नॉर्थ'साठी वेगळा सीमा आयोग नेमला, न्यायाधीश जॉइस पेलेटिए त्याच्या अध्यक्ष. त्यांना काम दिलं होतं की केनोरा–रेनी रिव्हर आणि टिमिन्स–जेम्स बे हे दोन मतदारसंघ बघा आणि त्यातून निदान एक, फार तर दोन नवीन जागा सुचवा. त्यांनी दोन सुचवल्या. पश्चिमेला कीवेटिनूंग आणि पूर्वेला मुश्केगोवुक–जेम्स बे. २०१७ मध्ये कायदा झाला, १२२ च्या १२४ झाल्या, उत्तरेच्या १३.

ही वाटणी मला विचारपूर्वक केलेली वाटते, म्हणून जरा थांबून सांगते. नुसती आडवी रेघ मारून वरचा सगळा पट्टा एक केला असता तर त्यात क्री, ओजी-क्री, ओजिब्वे हे वेगवेगळे मूळनिवासी समाज आणि फ्रेंच सगळे आले असते आणि मधे येण्याजाण्याचा मार्गच नसता, कारण पश्चिमेच्या गावांची विमानं सू लुकआउट, रेड लेक, थंडर बे कडे उतरतात आणि जेम्स बे किनाऱ्याची माणसं मूसनी, टिमिन्सकडे. दवाखाना कुठे, दुकान कुठे, नातेवाईक कुठे, त्यावर माणसाचा प्रदेश ठरतो. पूर्वेच्या मतदारसंघात फ्रेंच बोलणारे जास्त आहेत, हर्स्ट, कापुस्केसिंग ही त्यांची गावं, आणि किनाऱ्याला क्री. पश्चिमेला चारच नगरपालिकांची गावं म्हणावीत अशी, सू लुकआउट, रेड लेक, इअर फॉल्स, पिकल लेक, बाकी सगळी फर्स्ट नेशन्सची गावं. केनोरा, ड्रायडन, फोर्ट फ्रान्सिस खाली जुन्या मतदारसंघातच राहिले. तक्रारी तेव्हाही झाल्या, वर्तमानपत्रात पत्रं यायची, इतक्या कमी लोकांना आमदार कशाला, हेच आमच्या पिकनिकवाल्या दादांचं म्हणणं.

आता दादांच्या मुद्द्याकडे येते, कारण तो मी टाळणार नाही. हिशोब अगदी बरोबर आहे. २०१६ च्या जनगणनेने ऑन्टारियोत एका जागेमागे सरासरी १ लाख ८ हजार लोक येतात. ब्रॅम्प्टनची लोकसंख्या २०२१ मध्ये ६ लाख ५६ हजार आणि आमदार ५. म्हणजे प्रत्येकी १ लाख ३१ हजार. आणि हे तर आत्ताचं, २०११ च्या जनगणनेत जुन्या ब्रॅम्प्टन वेस्टमध्ये २ लाखांहून जास्त लोक होते, सगळ्या कॅनडात लोकसंख्येने सर्वात मोठा मतदारसंघ तो होता, आणि विधानसभेसाठी त्याच हद्दी २०१८ पर्यंत चालल्या. आमच्या दवाखान्यांची अवस्था, तासन्‌तास ताटकळणं, हे मी स्वतः भोगलंय, आणि आमदार जास्त असते तर टोरांटोत आवाज जास्त गेला असता हे मलाही पटतं. ब्रॅम्प्टनवर अन्याय झालाय. पण तो कीवेटिनूंगने केलेला नाही.

यावर इथल्या सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा एक निकाल आहे, सास्काचेवान प्रांताच्या मतदारसंघांच्या हद्दींबद्दलचा, लोक त्याला कार्टर केस म्हणतात. सास्काचेवानमध्ये ६६ जागा होत्या, २९ शहरी, ३५ ग्रामीण आणि २ अगदी उत्तरेच्या. दक्षिणेत सरासरीच्या २५ टक्के वर-खाली चालेल आणि उत्तरेच्या दोन जागांना ५० टक्के, असा कायदा. प्रश्न असा होता की मताचा हक्क म्हणजे प्रत्येक मताचं वजन काटेकोर सारखंच हवं का. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती बेव्हर्ली मॅक्लाक्लिन यांनी लिहिला आणि म्हटलं की हक्क आहे तो 'परिणामकारक प्रतिनिधित्वा'चा. लोकसंख्येची समानता हा त्याचा पहिला भाग, पण भूगोल, लोकांचा इतिहास, एकमेकांशी असलेलं नातं, अल्पसंख्य समाज, हेही बघायला लागतं, कारण आमदार म्हणजे फक्त सभागृहातलं एक मत नाही, लोक त्याच्याकडे आपलं गाऱ्हाणं घेऊन जातात, त्याला भेटता यायला पाहिजे. ब्रॅम्प्टनमध्ये माझ्या आमदाराचं ऑफिस बसने वीस मिनिटांवर आहे. कूकमच्या गावाहून सू लुकआउटला यायचं तर विमानाचं तिकीट टोरांटो-व्हँकुव्हरपेक्षा महाग पडायचं.

हे सगळं मी एकदा फोनवर मामाला सांगत होते. माझं आजोळ अहेरीकडचं, मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता आणि इलेक्शन ड्युटीला भामरागड, एटापल्लीच्या बाजूला हेलिकॉप्टरने गेलेला माणूस. तो म्हणाला, "म्हणजे आपल्या सिरोंच्यासारखंच झालं नं बापा ते. फक्त आपल्याकडं जंगलाचं माप कोणी धरत नाही, डोसकी मोजतेत अन्‌ मोकळे होतेत." मी मग ते काढून बघितलं. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटर, तीन आमदार, तिन्ही जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव. २०११ च्या जनगणनेने जिल्ह्यात १० लाख ७२ हजार माणसं, म्हणजे एका आमदारामागे साडेतीन लाखाच्या आसपास. मुंबईत ३६ आमदार, तिथेही एकामागे साधारण तेवढेच. डोकी सारखी, पण मुंबईचा आमदार संध्याकाळी आपला मतदारसंघ चालून बघू शकतो आणि अहेरीच्या आमदाराला पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडला पोचताच येत नाही. २००८ च्या पुनर्रचनेत विदर्भाच्या जागा ६६ च्या ६२ झाल्या आणि ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४. ठाण्याची माणसं वाढली, त्यांना जागा मिळायलाच हव्या होत्या, पण आमच्या घरी तेव्हा मामा कितीतरी दिवस त्या चार जागांबद्दल बोलत होता. आपल्याकडे राखीव जागा आहेत, इथे कॅनडात त्या नाहीत. आणि इथे उत्तरेला लोकसंख्येत सूट मिळते, आपल्याकडे गडचिरोलीला ती नाही. दोन्ही देशांनी एकमेकांकडून अर्धं अर्धं घेतलं तर किती बरं होईल, असं मामाला म्हणाले तर म्हणतो, "लिव्ह तू हे, वाचतीन लोकं."

कीवेटिनूंगची पहिली निवडणूक झाली ७ जून २०१८ ला. एनडीपीचे सोल ममाक्वा निवडून आले, किंगफिशर लेकचे, ओजी-क्री बोलणारे. कूकम मत देऊन आली तेव्हा मी तिला बघायला बाहेर उभी होते. ती म्हणाली मतपत्रिकेवर आपल्या भाषेतलं मतदारसंघाचं नाव होतं आणि ते वाचायला तिने चष्मा पुसला. तिने आयुष्यभर जिथे मत दिलं त्या मतदारसंघांची नावं बाहेरच्यांनी ठेवलेली. एवढ्याशा गोष्टीला एवढं काय, असं कुणाला वाटेल. मला नाही वाटत.

मग आम्ही २०१९ मध्ये दक्षिणेला आलो, ब्रॅम्प्टनला घर घेतलं, नागरिक झालो आणि मी माझं पहिलं मत इथे दिलं, २०२२ मध्ये. तरी लक्ष तिकडे असतं. २८ मे २०२४ ला सकाळी मी कामावरून ब्रेक घेऊन फोनवर विधानसभेचं कामकाज लावलं होतं. त्या दिवशी ममाक्वा अनिशिनिनीमोविनमध्ये, म्हणजे ओजी-क्रीत बोलले. ऑन्टारियोच्या विधानसभेत इंग्रजी आणि फ्रेंच सोडून दुसऱ्या भाषेत बोलायला नियमानेच परवानगी नव्हती, तो नियम त्याच वर्षी बदलला आणि पहिल्यांदा तिथे मूळनिवासी भाषा अधिकृतपणे बोलली गेली, दुभाषी बसवून. मतदारसंघातली बरीच वडीलधारी माणसं गॅलरीत आली होती. त्या दिवशी ममाक्वांच्या आईचा वाढदिवस होता. आणि भाषण झाल्यावर त्यांनी त्याच भाषेत प्रश्न विचारला, कशाबद्दल तर सू लुकआउटमध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी दीर्घकाळ देखभालीचं केंद्र कधी बांधणार. मला कूकम आठवली, तिचा नवरा आठवला. हाच प्रश्न तिथल्या प्रत्येक घरात होता, आमच्या भिंतीपलीकडे होता, आणि तो प्रीमियर, म्हणजे इथले मुख्यमंत्री, डग फोर्ड यांच्यासमोर त्या घरांच्या भाषेत विचारला गेला. केनोरा–रेनी रिव्हर एकच राहिलं असतं तर हे झालं असतं का, मला नाही वाटत. याच मतदारसंघात नेस्कंटागा नावाचं गाव आहे, तिथे १९९५ पासून नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका अशी सूचना लागू आहे. आमदार मिळाला म्हणून ते पाणी स्वच्छ झालेलं नाही, हेही लिहायला हवं. पण आता विधानसभेत ते नाव पुन्हा पुन्हा घेतलं जातं, आणि घेणारा माणूस तिथे जाऊन आलेला असतो.

२०२५ मध्ये तर गंमतच झाली, आमच्या घरी दोन महिन्यांत दोन निवडणुका आल्या. २७ फेब्रुवारीला प्रांताची, जुन्याच १२४ जागांवर, म्हणजे दक्षिणेत एका दशकापूर्वीचा नकाशा. २८ एप्रिलला देशाची, ती नवीन नकाशावर, ब्रॅम्प्टनला तिथे एक मतदारसंघ जास्त मिळालाय, त्यातल्या एकाचं नाव ब्रॅम्प्टन–चिंग्वाकूझी पार्क. म्हणजे १९९६ मध्ये खासदारांच्या आणि आमदारांच्या हद्दी एक केल्या होत्या, ती एकी आता दक्षिणेतही राहिलेली नाही. दादांची तक्रार इथे मांडायला पाहिजे खरं तर, की प्रांताने आपला नकाशा ताजा करावा आणि ब्रॅम्प्टनला सहावा, जमलं तर सातवा आमदार द्यावा. मी सही करायला तयार आहे. त्यासाठी उत्तरेची एकही जागा काढायची गरज नाही, २०१७ मध्ये दोन जागा वाढवल्या तेव्हा दक्षिणेची एकही गेली नव्हती.

आणि त्याच नवीन केंद्राच्या नकाशात केनोराच्या खासदारकीच्या मतदारसंघाचं नाव बदलून केनोरा–कीवेटिनूंग केलंय. प्रांताकडून निघालेलं नाव देशाच्या संसदेत पोचलं.

परवा दादांना मी हे सगळं थोडक्यात व्हॉट्सॲपवर पाठवलं, नकाशासकट, ऑल्बनी नदीवर लाल रेघ मारून. त्यांचं मत बदललेलं नाही, तसं त्यांनी स्पष्ट लिहिलं. पण खाली विचारलं, ते सगळ्यात वरचं, समुद्राच्या कडेचं गाव कुठलं, तिथून तुमच्या सू लुकआउटला गाडीने यायला किती वेळ लागतो? मी लिहिलं, ते फोर्ट सेव्हर्न, गाडीने येताच येत नाही, विमान. हिवाळ्यात बर्फाचा रस्ता असतो तो मॅनिटोबातल्या गिलमला जाऊन निघतो, म्हणजे स्वतःच्या मतदारसंघातल्या गावाला रस्त्याने यायचं तर आधी दुसऱ्या प्रांतात जावं लागतं. त्यावर त्यांचा फोन आला आणि आम्ही तासभर बोललो.